म्हसोबाच्या वळणावर दोन्ही हात

"मंगलताई, हात!" मी ओरडलो.

गाडी उतारावर होती. पुढं डावीकडं वळण होतं. आणि मंगलताईंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर नव्हते. ते जोडून कपाळाला लावलेले होते. डोळे मिटलेले. ओठ पुटपुटत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत येत होता आणि आमची गाडी कुणीच चालवत नव्हतं.

मी उजव्या हातानं स्टेअरिंग धरलं आणि माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. तो नसता तर मी आज हे सांगायला नसतो. गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निघून गेला. आणि गंमत ऐका, त्या ट्रॅक्टरवाल्याचाही एक हात कपाळाला होता.

"काय करत होता तुम्ही?" मी विचारलं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "म्हसोबा हाय न्हवं हितं."

"डोळे का मिटले?"

"मग नमस्कार काय डोळं उघडं ठिवून करत्यात व्हय, चाचा?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

मी शब्बीर. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो आणि काष्टीत ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गाव मला चाचा म्हणतं. काष्टीहून नगरकडं जाताना एका उतारावर हे वळण लागतं. वळणावर लिंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. तिथून जाताना हात जोडले नाहीत तर गाडीला अपघात होतो, असं आमच्याकडं सांगतात. म्हणून जीपवाला हात जोडतो, टेम्पोवाला हात जोडतो, मोटारसायकलवाला तर मागं बायको-पोरं बसवून दोन्ही हात सोडतो. वळण आंधळं आहे, म्हणजे पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. अख्ख्या रस्त्यावर जिथं दोन्ही हात सगळ्यात जास्त लागतात, तिथंच ही शहाणी माणसं हात सोडतात. मग आपटतात. आपटल्यावर म्हणतात, बघा, म्हसोबाचं वळण लई कडक! अरे, म्हसोबानं काय केलं त्यात? तो बिचारा जागचा हललासुद्धा नाही.

आमच्या लोकांचं काही वेगळं आहे असं समजू नका. पुढं एक दर्गा लागतो. तिथं आमचे टेम्पोवाले स्टेअरिंग सोडून बोटांचा मुका घेतात आणि डोळ्यांना लावतात. माझा सख्खा साडू तसं करताना एकदा म्हशीवर गेला. दवाखान्यात मला म्हणतो, "बाबांच्या करमानं वाचलो." करम म्हणजे कृपा. मी म्हटलं, म्हैस कुणाच्या करमानं मेली ते पण सांग. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

आता मंगलताईंचं सांगतो. वय पंचेचाळीसच्या आसपास. काष्टीजवळच्या वस्तीवर घर, शेती. नवरा बाळासाहेब, त्यांच्या दोन्ही किडन्या बंद पडलेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. म्हणजे जे काम किडनी करते ते मशीन करतं. अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, धुवायचं, परत अंगात सोडायचं. चार-चार तास चालतं. येताना माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा होतो. एसटीत उभं राहून यायची ताकद राहत नाही.

घरात गाडी होती. छोटी, पांढरी. बाळासाहेबांनी हौसेनं घेतलेली. पण आता ते चालवू शकत नव्हते. गावातला एक जीपवाला न्यायचा. लग्नसराई आली की तो गायब. एकदा तो आलाच नाही. डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांच्या छातीत पाणी साठलं, श्वास घेता येईना. जेमतेम वाचले. डॉक्टरांनी मंगलताईंना स्वच्छ सांगितलं, पुन्हा असं झालं तर माझ्याकडं आणू नका, काही उपयोग होणार नाही.

त्याच आठवड्यात त्या माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "चाचा, मला एकच रस्ता शिकवा. घर ते दवाखाना. बाकीचं रस्तं मला नगं."

तुम्ही विचाराल, घरात दुसरं कुणी नव्हतं का? होता ना! धाकटा दीर, रावसाहेब. त्याला चारचाकी येते. ट्रॅक्टर येतो. लायसन आहे. पण जामखेडकडच्या कुणा देवऋषानं त्याला सांगितलं होतं की यंदाचं साल तुला वाहनाला वाईट आहे, चारचाकीच्या स्टेअरिंगला हात लावू नको. झालं! हा बहाद्दर हात लावेना. सख्खा भाऊ गुदमरतोय, दारात गाडी उभी आहे, आणि हा ओट्यावर बसून सांगतो, "मला काय हौस हाय का, चाचा? पर देवाच्या फुडं कुनाचं चालतंय?" मला त्याची अशी चीड आली म्हणून सांगू! स्वतःचं साल विचारायला जामखेडपर्यंत गेला. भावाचं साल कसं चाललंय, ते विचारायचं सुचलं नाही. मोटारसायकल मात्र दणकून फिरवत होता. देवऋषी चारचाकीचंच बोलला होता ना!

स्वतः चालवणार नाही, पण वहिनीला भीती घालायला मोकळा. "वहिनी, म्हसोबाच्या वळनावर हात जोडायला इसरू नका. आपल्या मामाचा पोरगा तिथंच गेला. हात जोडले न्हवते त्यानं." मामाचा पोरगा दारू पिऊन गेला, हे सगळ्या काष्टीला माहीत आहे. पण ते सांगताना रावसाहेबाचा घसा बसतो.

तर त्या वळणावर पहिल्यांदा हात सुटले त्या दिवशी मी मंगलताईंना समजावलं. "वळण आलं की दोन्ही हात स्टेअरिंगवर. मनात नाव घ्या."

"मनातलं त्याला कळतंय का?"

"देवाला कळत नसेल तर कुणाला कळणार?"

"तुमाला काय, चाचा. तुमचा देव न्हाई त्यो."

यावर मी काही बोललो असतो तर वेगळंच झालं असतं. गावात चर्चा व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एकच हात सोडला, मला खूश करायला. बाकी सगळं बाई उत्तम शिकल्या. हाफ क्लच म्हणजे क्लच निम्मा सोडून गाडी चढावर धरून ठेवणं, भल्याभल्या पोरांना महिनाभर जमत नाही, यांना लगेच जमलं. आरशात बघायच्या, गिअर न बघता टाकायच्या. उतारावर आधी ब्रेक, क्लच शेवटी, हे एकदाच सांगितलं. नवशिके घाबरून आधी क्लच दाबतात. क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि गाडी उतारावर मोकाट पळते. मंगलताईंनी ती चूक कधी केली नाही. पण म्हसोबाचं वळण आलं की बाई गेल्या! खांदे वर, डोळे मोठे, श्वास अडकलेला. आणि हात सुटले.

एकदा मी चिडलो. "ताई, मी तुम्हाला लायसनच्या ट्रायलला पाठवणार नाही. तुम्ही बाळासाहेबांना मारून टाकाल."

त्यांचे डोळे भरले. "मी त्यास्नी वाचवायलाच हात जोडते, चाचा. आमच्यावर आधीच येवढं आलंय. त्यात देव रागावला तर मी कुठं जाऊ?"

हे त्या इतक्या कळवळून बोलल्या की मला पुढं रागावता येईना. पण राग गेला नाही. तो रावसाहेबाकडं वळला, देवऋषाकडं वळला, आणि देवाला गावगुंड समजून हप्ता दिल्यासारखे हात जोडणाऱ्या सगळ्या शहाण्यांकडं वळला. एका बाईला नवऱ्याचा जीव वाचवायचा आहे आणि तुम्ही तिला देवाचंच भय घालता? शरम नाही वाटत?

पुढच्या वेळी मी बाळासाहेबांना मागच्या सीटवर घेतलं. म्हटलं, बघा तुम्हीच तुमची बायको कशी चालवते. माणूस वाळून काटकी झालेला, पण जीभ तिखट. वळण आलं. मंगलताईंचा डावा हात सुटला. मी स्टेअरिंग धरलं. वळण गेलं.

मागून बाळासाहेब म्हणाले, "मंगल, मशीनवर झोपल्यावर माझं सगळं रगत नळीतनं भाईर फिरत असतंय. ठावं हाय न्हवं?"

"व्हय की."

"ती सिस्टर नळी लावते. त्या टायमाला तिला खिडकीतनं देऊळ दिसलं, अन् तिनं नळी सोडून हात जोडले तर?"

मंगलताईंनी आरशातून मागं पाहिलं.

"माझं रगत फरशीवर अन् सिस्टरला पुन्य," बाळासाहेब म्हणाले आणि स्वतःच खोकत खोकत हसले.

मंगलताई हसल्या नाहीत. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी माघारी वळवली, मी न सांगता. इंडिकेटर देऊन, आरशात बघून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. वळणाच्या अलीकडं रुंद जागा होती, तिथं गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरल्या. चालत म्हसोबाकडं गेल्या. मीही मागं गेलो, कारण तिथं ट्रक भरधाव येतात.

त्यांनी चपला काढल्या. पदरानं दगडावरची धूळ पुसली. मग हात जोडले आणि मोठ्यानं बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा.

"देवा, ऐक. आजपातूर भीत हुते म्हनून हात जोडले. आता मालकास्नी घिऊन येनार हाय, आठवड्याला दोनदा. हितनं जाताना हात जोडनार न्हाई. हात स्टेरिंगवर लागत्यात. त्यास्नी मी तुझ्यावर सोपवलंय. तुझा भरवसा हाय म्हनून सोपवलंय. तू रागावनारा असतास तर सोपवलं नसतं. आता तुला राग मानायचाच असंल तर माझ्यावर मान, अन् आत्ताच मान. मी हितं उभी हाय."

आणि उभ्याच राहिल्या! मान खाली नाही, डोळे मिटलेले नाहीत. बघत होत्या दगडाकडं. मी आयुष्यात पुष्कळ नमाजी पाहिले, पुष्कळ माळकरी पाहिले. असं देवासमोर सरळ उभं राहिलेलं माणूस फार थोडं पाहिलं. दोन ट्रक गेले. दोघांनीही हात सोडले होते. मंगलताईंनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

मग चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला चाचा. न्हाई रागावला."

त्यानंतर त्या वळणावर त्यांचे हात सुटले नाहीत. ट्रायल झाली, एका झटक्यात पास. आरटीओच्या साहेबांनी मला विचारलं, "चाचा, ही बाई आधी चालवत होती का?" मी म्हटलं, नाही साहेब, आधी फक्त घाबरत होती.

आता खरी परीक्षा. पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून नवऱ्याला डायलिसिसला न्यायचं. मी म्हटलं, मला यायची गरज नाही. पण बाळासाहेब म्हणाले, आजच्या दिवस चला. गेलो तर काय, रावसाहेब पुढच्या सीटवर बसलेला! डोक्याला टिळा, मांडीवर नारळ. आणि आतल्या आरशाला टांगलेली काळी बाहुली, लिंबू, मिरच्या, बिब्बा. एखादं भाजीचं दुकान टांगावं तसं. त्याच्याआड डावीकडचा अर्धा रस्ता दिसेना.

"हे काढा," मी म्हटलं.

"चाचा, वहिनी पयल्यांदाच चालवनार. कायतरी नको का?"

"रस्ता दिसायला नको का?"

मंगलताईंनी ती माळ स्वतः काढली आणि रावसाहेबाच्या मांडीवर नारळाशेजारी ठेवली. "भाऊजी, तुमाला लागंल. तुमीच धरा."

मी मागं बाळासाहेबांच्या शेजारी बसलो. ही गाडी घरची. म्हणजे माझ्या पायाखाली ब्रेक नाही. पन्नास वर्षांची सवय, पाय आपोआप पुढं जातो. सीटखाली चपला सोडून काही लागत नव्हतं.

वळण जवळ आलं. रावसाहेबाचं सुरू झालं. "वहिनी, आलं बघा. हात जोडा. वहिनी, ऐका. येका हातानं तरी." मंगलताईंनी गिअर खाली घेतला. दोन्ही हात स्टेअरिंगवर. गाडी वळणात शिरली.

आणि वळणाच्या पलीकडं, आमच्याच बाजूला, उसाची ट्रॉली. जागेवर उभी. तिचा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मोडला होता. ट्रॉली बसलेली, ऊस रस्त्यावर आलेला. मागं ना दिवा, ना लाल फडकं. चार दगड ठेवलेले, तेही ट्रॉलीला चिकटून, म्हणजे दगड दिसेपर्यंत तुम्ही उसात. समोरून ट्रक येत होता, त्यामुळं उजवीकडं काढायला जागा नाही.

"म्हसोबा!" रावसाहेब किंचाळला. नारळ खाली गडगडला. त्यानं डोळे गच्च मिटले. आणि पुढं त्यानं जे केलं ते ऐका. त्यानं मंगलताईंचा डावा हात मनगटाला धरला आणि स्टेअरिंगवरून ओढला. कशासाठी? जोडायला! तिचा एक हात आणि त्याचा एक हात मिळून नमस्कार करायचा होता त्याला!

गाडी उजवीकडं ट्रकच्या बाजूला सरकली. मी मागून रावसाहेबाची कॉलर धरली. माझा पाय सीटखाली वेड्यासारखा ब्रेक शोधत होता. या अल्ला, एवढंच मी म्हणू शकलो.

"सोडा!" मंगलताई ओरडल्या आणि हात हिसकून घेतला. स्टेअरिंग डावीकडं. आधी ब्रेक, दाबून, सोडून, पुन्हा दाबून. क्लच अगदी शेवटी. ट्रक हॉर्न वाजवत आमच्या आरशाजवळून गेला. गाडी थांबली. बॉनेटच्या पुढं उसाची हिरवी पानं हलत होती. हात लांब करून तोडता आली असती, इतकी जवळ.

बाळासाहेब पुढं वाकून बायकोच्या खांद्यावर हात ठेवून होते. मंगलताईंनी हँडब्रेक ओढला. गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लावले, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून.

मग रावसाहेबानं एक डोळा उघडला. दुसरा उघडला. ऊस पाहिला. मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आणि छाती पुढं काढून म्हणाला, "बघा! वाचलो. मी हात जोडले म्हनून."

मला वाटलं, नारळ उचलावा आणि याच्याच डोक्यात फोडावा. अरे माणसा, तुझ्या त्या हातांनी आम्ही चौघं ट्रकखाली जात होतो! पण मी काही बोलायच्या आत मंगलताई बोलल्या.

"व्हय भाऊजी. देवानंच वाचवलं. आता खाली उतरा. वळनाच्या अलीकडं जाऊन उभं ऱ्हावा अन् मागनं येनाऱ्या गाड्यास्नी हात करा. लई रिकामं हाईत तुमचं हात."

रावसाहेब उतरला. उतरावंच लागलं. मीही उतरलो. ट्रॅक्टरवाला पलीकडं बांधावर तंबाखू मळत बसला होता. त्याला जी शिवी दिली ती इथं सांगता येणार नाही. दोघांना कामाला लावलं, मागं लांबवर झाडाच्या फांद्या टाकल्या, ऊस बाजूला केला. मग मंगलताईंनी गाडी मागं घेतली, आरशात बघून, आणि ट्रॉलीच्या शेजारून काढली. म्हसोबाकडं त्यांनी पाहिलं का? पाहिलं नाही. त्या रस्त्याकडं पाहत होत्या.

दवाखान्यात वेळेत पोचलो. बाळासाहेब मशीनवर गेले. मंगलताई बाहेरच्या बाकावर बसल्या. मी चहा आणून दिला. मी म्हटलं, "ताई, तिथं भीती नाही वाटली?"

"लई वाटली," त्या म्हणाल्या. "भ्या गेलं न्हाई, चाचा. पर त्याचं ऐकायला टाइम कुठं हुता?"

रावसाहेबानं तोवर फोन करून सगळ्या भावकीला कळवलं होतं की त्याच्या नमस्कारानं घर वाचलं. काष्टीच्या बाजारात आजही हीच गोष्ट सांगतात. त्या वळणावर आता पूर्वीपेक्षा जास्त लोक हात सोडतात. मी कुणाकुणाचे हात धरू?

संध्याकाळी परत निघालो. मी मागंच बसलो होतो. रावसाहेब पुढं, दरवाजाच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरून, डोळे फाडून बघत होता. पुढं सायकल दिसली तरी दचकत होता. शेजारी बाळासाहेबांशी काहीतरी बोलायला मी वळलो, तर ते झोपलेले. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. जीपमधून येताना हा माणूस वर्षभर डोळा मिटत नव्हता, हे मला मंगलताईंनी सांगितलं होतं. वळण आलं, गेलं. ते घोरत होते.

दोघं भाऊ. एकाच घरातले, एकाच देवाचे. ज्याचा जीव धाग्यावर टांगलेला तो झोपला होता, आणि ज्याला काडीचा आजार नाही त्याला घाम फुटला होता. मी इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. क्लच शिकवता येतो, ब्रेक शिकवता येतो. रावसाहेबासारख्याला झोपायला कसं शिकवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.